टँकरच्या रांगेतलं भांडण पेटण्याआधी

लातूरला आमच्या गल्लीत टँकर आला की रांग लावायचं काम माझ्याकडं येतं. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, म्हणून 'मॅडमला डोकी कळतात' असं शेजारणींचं म्हणणं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा इथं पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावली होती. एवढ्यावर जाऊ द्यायचं नसेल तर पुढचं करून बघा.

रांग सांभाळणारीनं उभं राहायचं ते नळीजवळ, रांगेच्या शेपटाला नाही; भांडण पुढंच पेटतं. १९७४ मध्ये मेरी हॅरिस या अमेरिकन संशोधिकेनं रांगांत मुद्दाम माणसं घुसवली. रांगेतल्या बाराव्या माणसाच्या पुढं घुसलं तर तो फारसं मनावर घेत नसे. दुसऱ्याच्या पुढं घुसलं की तो जास्त खवळायचा. हंडा नळीखाली जाणार तेवढ्यात कुणी आडवं आलं, की जीभ सुटते. हवं त्यात आडकाठी आली की माणूस आक्रमक होतो, असं मानसशास्त्रज्ञ डोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्येच मांडलं होतं. बर्कोविट्झ या मानसशास्त्रज्ञानं पुढं त्यात भर घातली: आडकाठीच कशाला, नुसतं ऊन, दुखणं, घाण वास यांनीही चीड येते आणि चिडीतून हात उठतो. म्हणून घागरींवर खडूनं नंबर टाका, घागरी रांगेत ठेवा, बायांना लिंबाखाली बसवा. घागरी एकमेकींच्या झिंज्या धरत नाहीत.

टँकरला उशीर होणार असेल तर कारण आधीच सांगा. पास्टोरे या मानसशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये लोकांना विचारलं होतं, थांब्यावर तुम्ही उभे असताना ड्रायव्हरनं मुद्दाम बस न थांबवता नेली तर? राग येईल, म्हणाले. तीच बस डेपोकडं चाललीय असं दिसलं तर? मग राग बराच कमी. एसटीची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं शिकवायला नको. फक्त खोटं कारण देऊ नका, दुसऱ्या खेपेला कुणी ऐकत नाही.

एवढं करूनही पेटलंच, तर 'बोलू द्या तिला, मोकळी होईल' म्हणणाऱ्या मामींना आधी गप्प करा. बुशमन या मानसशास्त्रज्ञानं २००२ मध्ये चिडलेल्या विद्यार्थ्यांना, ज्यानं चिडवलं त्याला मनात आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा यांचाच राग जास्त चढलेला दिसला. दोघींपैकी एकीला बाजूला घ्या, 'काय झालं' विचारू नका, लेकीच्या बारावीचं विचारा. निवाडा संध्याकाळी, भांडी भरल्यावर. आणि नवऱ्यांना त्यात बोलावू नका.