वार्ताहराने पंचायतीत जायचं ठरवलं तर

आरक्षणाची यादी बाहेर पडेपर्यंत पेपर सोडू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण आमच्या पलीकडच्या गावातल्या एका बातमीदाराने गणपतीतच राजीनामा टाकला, गावभर हात जोडत फिरला आणि त्याचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. शेवटी बायको उभी राहिली, निवडून आली, आता बरं काम करते. पण ह्याचं ओळखपत्र गेलं ते गेलंच.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात एका मराठी दैनिकाचा 14 वर्षं वार्ताहर होतो. डिसेंबर 2020 मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या तेव्हा उभा राहिलो आणि थोडक्या मतांनी आलो. वार्ताहराची मिळकत काय असते हे आपल्याकडं सांगायला नको. मानधन नावापुरतं, खरं पोट जाहिरातीच्या कमिशनवर. ज्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती तुम्ही आणल्यात, त्यातलेच चारजण उद्या सभेत तुमच्या शेजारी नाहीतर समोर बसणार. म्हणून थकलेली वसुली अर्ज भरायच्या आधी उरका. मी उरकली नव्हती. एका कंत्राटदाराकडं दिवाळीच्या पुरवणीची जाहिरात राहिली होती. निकालानंतर आठवड्याने तो स्वतःहून पैसे घेऊन घरी आला आणि पाकीट हाताला ठरल्यापेक्षा जाड लागलं. बिलापुरते मोजून घेतले, पावती फाडली, बाकीचे परत दिले. बायको दारात उभी होती, तेवढीच साक्ष. पंचायतीच्या कामात सदस्याची भागीदारी आडून असली तरी सदस्यपद जाऊ शकतं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

प्रचाराचं फार सांगत नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं (कोण कुणाचा हे पोराबाळांना ठाऊक असतं ते वेगळं) आणि साधारण 400 लोकसंख्येमागे एक सदस्य, म्हणजे मतदार तुम्हाला नावानिशी ओळखतात. तुमच्या बातम्यासुद्धा ओळखतात. ऑगस्ट 2019 च्या पावसात पडलेल्या घरांच्या बातम्या मी दिल्या होत्या. ज्यांच्या दिल्या त्यांनी चहा पाजला. एकाच्या पडलेल्या भिंतीची बातमी जागा नाही म्हणून डेस्कने कापली होती, त्याने मला उंबऱ्यावरच थांबवलं. डेस्क वगैरे त्याला सांगून उपयोग नव्हता.

आता खरं काम. निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात नडावळी वाचायला शिका. नडावळी म्हणजे सभेचं इतिवृत्त, ते कन्नडमध्ये लिहिलं जातं. आपल्याला कन्नड बोलता येतं, बसमध्ये, बाजारात अडत नाही. लिहिलेलं वाचताना मात्र बोट फिरवावं लागतं. माझी तीच गत होती. पहिल्या मासिक सभेत वरच्या गल्लीच्या पाइपलाइनचा विषय मी मांडला, तासभर बोललो, माना डोलल्या. वही फिरत आली, सही केली. घरी येऊन छाती काढून सांगितलं, पाइप मंजूर.

चार महिने झाले तरी चर खणायला कोणी आलं नाही. गल्लीतली एक आक्का नळाजवळ घागर आदळून म्हणाली, "पेपरात घालत होतास तवा दोन दिसांत टँकर तरी यायचा गा. आता मेंबर झालास. टँकरबी न्हाई, पेपरबी न्हाई." त्या रात्री नडावळीची झेरॉक्स घरी आणली. पोरगा मराठी शाळेत जातो, पण त्याला कन्नड विषय आहे. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं: "चर्चिसलायितु." म्हणजे चर्चा झाली. तेवढंच. मंजूर व्हायला तिथं "तीर्मानिसलायितु", म्हणजे ठरवण्यात आलं, असं हवं होतं. माझी सही बरोबर त्याखाली. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मी विषय मांडला, पण ठराव मांडलाच नव्हता. 14 वर्षं बातमीत "चर्चा झाली" लिहून मीच कॉलम भरले होते.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. विषय संपला की शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायला लावायचं. क्रियापद ऐकायचं. तिसरं एक असतं, "मुंदूडलायितु", पुढे ढकललं. ते आलं तर कुठल्या सभेपर्यंत हे तिथंच घालून घ्यायचं. कुठल्या निधीतून खर्च, तेही त्याच वाक्यात हवं. आमच्या मुदतीत पंधराव्या वित्त आयोगाचे 60 टक्के पैसे पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. हे कळल्यावर पाइपचा ठराव दुसऱ्यांदा मांडला, तो त्याच निधीच्या शीर्षाखाली. सूचक, अनुमोदक, रक्कम आपल्या वहीत उतरवायची, खाली मोकळी जागा राहिली असेल तर रेघ मारायला सांगायची, आणि मग सही. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, पहिल्यांदा वैतागतात. तिसऱ्या सभेपासून स्वतःच वाचून दाखवतात.

काही जण मला म्हणाले, कन्नड शिकलास म्हणजे वाकलास. 1 नोव्हेंबरला सीमाभागातली मराठी माणसं काढतात त्या काळ्या दिनाच्या फेरीची बातमी मी 14 वर्षं दिली आहे, मला हे शिकवू नये. सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या गल्लीतलं गटार पंचायतीतच आहे. मराठीचा हक्क वापरायचाच. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, तेव्हा लोकांचे अर्ज मी मराठीतच लिहून देतो. पण खाली कन्नडमध्ये चार ओळींचा गोषवारा जोडतो आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडत नाही. नुसता मराठी अर्ज कोणी नाकारत नाही, तो गठ्ठ्यात तळाला जातो.

दाखल्यांसाठी, उताऱ्यांसाठी येणाऱ्यांना एवढंच शिकवा: सेवा सकाल कायद्यात, म्हणजे ठरल्या मुदतीत काम करून देण्याच्या कायद्यात, बसत असेल तर पावतीवरचा नंबर मागून घ्या. 2012 पासून त्या नंबरावर मुदत मोजली जाते. "साहेबांना फोन करा की" म्हणणारे रोज येतील. फोन करण्यापेक्षा नंबर विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्याला नवा नाही; कर्नाटकात तो एका विषयाचा आणि 150 शब्दांचा लागतो, आणि तेवढ्यात बसवायची सवय असलेला माणूस गावात तुम्हीच.

एक खोड मात्र मोडावी लागते, ती मथळ्याची. सुरुवातीला मी सभेत बोलताना आधी मथळा शोधायचो. "पंचायत झोपली आहे काय?" असं एकदा म्हणालो. दुसऱ्या दिवशी वॉटरमन, जो पहाटे साडेचारला व्हॉल्व्ह फिरवतो, माझ्याशी बोलेना. बातमीत "पंचायत" म्हणजे एक इमारत असते. आत बसल्यावर तो वॉटरमन असतो, बिल कलेक्टर असतो, सही अडलेला पीडीओ असतो. वॉटरमनची समजूत काढायला मला दोन पहाटा टाकीवर जावं लागलं.

जुने सहकारी फोन करतीलच. आतली माहिती देऊ नका, "सूत्रां"मधलं सूत्र आपणच हे गावाला दुपारपर्यंत कळतं. मी नडावळीची प्रत देतो, कन्नड वाचता येत नसेल तर वाचून दाखवतो. पाइप शेवटी पडली तेव्हा माझ्या जागी आलेल्या पोराने फोन केला, "अण्णा, प्रतिक्रिया द्या की." मी आठ ओळी लिहून पाठवल्या, आक्काचं नाव घालून. छापून दोन ओळी आल्या. आक्का नव्हती, आणि माझ्या आडनावातली वेलांटी चुकली होती.