बरोबर उत्तराला शून्य: ऑनलाइन तपासणीत या चुका टाळा

दर जूनमध्ये कॉलेजात कोणीतरी नवा प्राध्यापक येतो, लॅपटॉप उघडतो आणि म्हणतो, "सर, आता तपासणी पाच मिनिटांत!" मी सिंधुदुर्गात भूगोल शिकवतो. त्या पाच मिनिटांपायी आठवडे गेलेले मी पाहिलेत. एकदा तर माझेच गेले.

अंतर्गत चाचणी गूगल फॉर्मवर घेतली होती. लघुत्तरी प्रश्नाचं उत्तर होतं 'किनाऱ्याची धूप'. उत्तरसूची भरली, आपोआप गुण लावले, चहा प्यायला गेलो. परत येतो तर निम्म्या वर्गाला शून्य. एक मुलगा मोबाइल घेऊन दारातच उभा: "सर, उत्तर तर बरोबर आसा, मग शून्य कित्याक?" त्याचं उत्तर माझ्या उत्तराशेजारी ठेवलं, डोळ्यांना काही फरक दिसेना. शेवटी दोन्हीतला 'ऱ्या' गूगल शीटमध्ये उचलून चिन्हं मोजणारं 'लेन' सूत्र लावलं. एकात चार चिन्हं, दुसऱ्यात पाच! माझ्याकडे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर होतं. लॅबमधल्या जुन्या टायपिंगने साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून 'र्‍या' केला होता. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला वेगवेगळे. मोबाइलवर लिहिणारे तरले, लॅबमध्ये बसलेले बुडाले. आमच्या विषयात किनारे, वारे, दऱ्या सोडून जायचं कुठे?

तेव्हापासून आपोआप गुण फक्त बहुपर्यायी प्रश्नांना. मराठी लघुत्तरांची उत्तरसूची मी रिकामीच ठेवतो आणि प्रतिसाद प्रश्नवार उघडतो. तिथे सारखी उत्तरं एका गठ्ठ्यात येतात, गठ्ठ्यागणिक गुण द्यायचे. वेळ लागतो? लागू दे. पगार त्याचाच आहे.

फॉर्म क्विझ केला की गुण 'लगेच' दाखवायचं सेटिंग आधीच लागलेलं असतं. ते बदला. नाहीतर पहिल्याने सबमिट केलं की बरोबर उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: गुण आणि शेरा एकत्र पाठवणं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवरच्या प्रयोगातून दाखवलं होतं की नुसते शेरे मिळालेली मुलं सुधारली. शेऱ्यासोबत गुणही दिले तेव्हा तो फायदा उरला नाही. आमच्याकडे वेगळं काय घडतं? '१४' दिसले की पोरगं ॲप बंद करतं, खालचा शेरा वाचतोय कोण! म्हणून गूगल क्लासरूममध्ये मी आधी फक्त शेरा टाकतो, गुणांची चौकट कोरी. दोन दिवसांत "काय दुरुस्त कराल?" याचं दोन ओळींत उत्तर आलं की मगच गुण. कुरकुर होते, पण शेरा वाचला जातो.

शेरेही जरा माणसासारखे लिहा. साठवलेल्या शेऱ्यांतून सगळ्यांना 'अजून सुधारणा हवी' चिकटवणाऱ्यांनी निदान कशात ते तरी सांगावं. 'नकाशात उत्तर दिशा नाही, प्रमाण नाही' एवढं पुरतं.

क्लासरूममध्ये गुण भरले पण 'परत करा' दाबलंच नाही, तर मुलांना काही दिसत नाही. उगाच सर्व्हरला शिव्या नकोत.

साहित्यचौर्य तपासणीतली टक्केवारी म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे. संदर्भसूची आणि अवतरणंही त्यात मोजली जाऊ शकतात. अहवाल उघडून वाचा.

रंगीत तालीम न करता थेट मोठ्या परीक्षेला हात घालू नका. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल कसे रखडले, ते सगळ्यांनी पाहिलंय. तरी "एकदम सुरू करू" म्हणणारे उत्साही भेटतातच.

आणि जुलैत रात्री बाराची मुदत? पाऊस लागला की लाईट जाते, लाईटीमागोमाग टॉवर. माझी मुदत दुपारी तीनची असते, कॉलेज सुटायच्या आधी. वाडीत रेंज नसलेली मुलं लॅबमध्ये बसून अपलोड करतात आणि चारची एसटी पकडतात.