गाडी उचलून नेल्यावर हरकत कशी घ्यावी: पुण्यातील निवासी गल्ल्यांमध्ये गाडी लावणाऱ्यांसाठी

रात्री घराजवळ लावलेली मोटार सकाळी जागेवर दिसली नाही की आधी चोरीची शंका येते, आणि वाहतूक शाखेने ती उचलून नेल्याचे कळले की संताप येतो. हा संताप चौकीत जाऊन व्यक्त करण्याआधी अर्धा तास त्याच गल्लीत घालवावा, असे माझे अनुभवावरून मत झाले आहे. टोइंगविरुद्धची हरकत टिकते की नाही, हे त्या जागेवर त्या दिवशी आणि त्या वेळी कोणता फलक होता व तो गाडी लावणाऱ्याला दिसत होता का, यावर बहुतेक वेळा ठरते. आणि याचा पुरावा तुमच्याखेरीज दुसरे कोणी जमा करून ठेवत नाही.

गाडी खरोखर पोलिसांनीच नेली आहे याची खात्री प्रथम करावी. शेजारचा दुकानदार किंवा सोसायटीचा वॉचमन सहसा सांगू शकतो. त्या भागाच्या वाहतूक विभागात, म्हणजे विश्रामबाग, फरासखाना, डेक्कन, कोथरूड, स्वारगेट, हडपसर यांपैकी जो आपला असेल तेथे, गाडीचा क्रमांक सांगून विचारता येते, आणि तेथे नोंद नसेल तर वेळ न दवडता ११२ वर कळवावे. वाकड, हिंजवडी, पिंपळे सौदागर हा भाग पुणे पोलिसांच्या हद्दीत नाही. पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ पासून स्वतंत्र आहे, त्यामुळे तिकडच्या टोइंगविरुद्धचा अर्ज पुण्याच्या वाहतूक शाखेकडे दिल्यास तो नुसता फिरत राहतो.

आता कायद्याचा आधार पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १२७ नुसार, जेथे पार्किंगला कायद्याने मनाई आहे अशा ठिकाणी उभे केलेले, किंवा सार्वजनिक जागी दहा तास वा त्याहून अधिक काळ सोडून दिलेले अथवा कोणाच्याही लक्षाविना ठेवलेले वाहन टोइंग करून हलवण्याची किंवा त्याला जॅमर लावण्याची परवानगी त्या हद्दीतील गणवेशधारी पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि टोइंगचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकावर पडतो. या एका वाक्यातच हरकतीचे मुद्दे दडलेले आहेत. जागा सार्वजनिक होती का? तेथे मनाई खरोखर कायद्याने लागू होती का? गाडी उचलताना गणवेशातील अधिकारी हजर होता का, की ठेकेदाराच्या मुलांनी स्वतःच ठरवून गाडी उचलली? दहा तासांचा भाग मात्र निवासी गल्लीत राहणाऱ्यांनी नीट वाचावा. ‘नो पार्किंगचा फलक नव्हता’ एवढाच मुद्दा घेऊन तुम्ही गेलात आणि गाडी सलग दोन दिवस तेथेच उभी होती, तर समोरच्याला वेगळे उत्तर देता येते. म्हणून चलनावर नेमके कोणते कलम व कोणता गुन्हा लिहिला आहे हे आधी पाहावे आणि हरकत त्यालाच धरून लिहावी.

काही प्रकरणांत हरकत घेण्यात अर्थ नसतो. पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, बस थांबा, दुसऱ्याच्या फाटकाचे तोंड, आधीच उभ्या असलेल्या गाडीला समांतर लावलेली गाडी, या सर्वांना केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालनविषयक नियमांनीच मनाई आहे आणि तेथे स्वतंत्र फलक लागत नाही. याउलट, खाजगी बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवर रंगवलेल्या ‘येथे गाडी लावू नये, लावल्यास हवा सोडली जाईल’ अशा पाट्यांनी सार्वजनिक रस्त्यावर मनाई निर्माण होत नाही. पुणेकरांना या पाट्यांचे कौतुक असले तरी कायद्याला नाही. पण ती पाटी खरोखर फाटकाला लागून असेल, तर पाटीमुळे नव्हे, फाटकामुळे तुमची बाजू लंगडी होते.

बाकीच्या ठिकाणी मनाई लागू होण्यासाठी पोलीस उपायुक्त, वाहतूक यांचा आदेश लागतो. पुण्यात असे आदेश मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५, ११६ व ११७ चा हवाला देऊन निघतात. नव्या निर्बंधांवर ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती व सूचनाही मागवल्या जातात, आणि ही माहिती वर्तमानपत्रांतून येते. आदेश असूनही जागेवर फलक नसेल, किंवा फलक आहे पण आदेश दुसऱ्याच टप्प्यासाठी आहे, असे आढळले तर हरकतीत दम येतो.

पेठांतील गल्ल्यांमध्ये सर्वाधिक घोळ होतो तो पी-१, पी-२ पद्धतीचा, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला विषम तारखांना आणि समोरच्या बाजूला सम तारखांना पार्किंग. रात्री जेवणानंतर योग्य बाजूला लावलेली गाडी मध्यरात्रीनंतर अयोग्य बाजूला गेलेली असते, आणि ही चूक आपलीच असल्यामुळे तिच्याविरुद्ध बोलायला जागा नसते. महिनाअखेरीस मात्र गणित उलटे होते. ३१ तारीख विषम आणि पुढची १ तारीखही विषम, त्यामुळे त्या रात्री गाडी हलवायची नसते. माझी गाडी अशाच एका १ तारखेच्या सकाळी मध्यवस्तीतल्या गल्लीतून उचलली गेली. ती ३१ च्या संध्याकाळपासून विषम तारखांच्या बाजूला, फलकापासून जेमतेम पाच पावलांवर उभी होती. टोइंगवाल्यांनी रोजच्या सवयीने बाजू बदलली असे धरले असावे. चौकीतल्या हवालदारांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले आणि ‘पैसे भरा, मग ऑनलाइन तक्रार करा’ असे सांगितले. फलक आणि चलनावरची तारीख एकमेकांशेजारी ठेवल्यावर सांगण्यासारखे फारसे उरले नव्हते, आणि काही आठवड्यांनी दंड रद्द झाला. टोइंगचे पैसे परत आले नाहीत, कारण ते मी कोणतीही नोंद न करता मुकाट्याने भरले होते. पुढचा सल्ला त्या चुकीतून आलेला आहे.

गल्लीतील अर्ध्या तासात छायाचित्रे अशा क्रमाने घ्यावीत की ती पाहणारा अधिकारी तुमच्याबरोबर चालत आल्यासारखा त्या जागेपर्यंत पोहोचेल. गाडी ज्या दिशेने आत येते त्या तोंडापासून एक, मग दर वीस-तीस पावलांवर एक, त्यानंतर गाडी उभी होती त्या जागेवरून दोन्ही बाजूंना दिसणारे दृश्य, आणि शेवटी फलकाचा जवळून मजकूर. फलक गुलमोहराच्या फांदीआड असेल, त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला असेल, किंवा बाण झिजून कोणत्या बाजूला आहे हेच कळत नसेल, तर ते लांबून आणि जवळून, दोन्ही प्रकारे टिपावे. फक्त जवळून घेतलेल्या छायाचित्रात सगळेच फलक वाचता येतात. फोनमध्ये तारीख, वेळ व ठिकाणाची नोंद चालू असावी आणि मूळ फाइल जपून ठेवावी, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत ही माहिती राहत नाही. समोरच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर दुकानदाराला त्याच दिवशी विनंती करावी. बहुतेक यंत्रणांत जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. गाडी उचलण्याआधी ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला का आणि गणवेशातील पोलीस व्हॅनसोबत होता का, हे त्या चित्रणातच समजते. ऑगस्ट २०२१ मध्ये नाना पेठेत चालक बसलेला असतानाच दुचाकी उचलल्याचे प्रकरण गाजले, तेही चित्रीकरणामुळेच.

जेथे गाडी नेऊन ठेवली आहे तेथे गेल्यावर पैसे भरण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. पुढचा बंपर, खालची बाजू, आरसे आणि चाके यांची छायाचित्रे गाडी त्याच आवारात असतानाच घ्यावीत. बाहेर पडल्यावर दाखवलेला ओरखडा कोणी मान्य करत नाही. स्वयंचलित गिअरची गाडी हँडब्रेक लागलेला असताना चाके रस्त्यावर ठेवून ओढली असेल, तर आतील नुकसान त्या दिवशी दिसतही नाही, म्हणून ती कशी उचलली हे विचारून लिहून ठेवावे आणि शक्य असल्यास गाडी थेट वर्कशॉपमध्ये दाखवावी. नुकसान असेल तर ‘गाडी ताब्यात घेतेवेळी पुढील नुकसान आढळले’ असे पावतीच्या स्थळप्रतीवर लिहू द्यावे अशी मागणी करावी, आणि नकार मिळाल्यास तेच वाक्य त्याच दिवशीच्या तारखेने अर्जात घालावे.

पैशांच्या बाबतीत दोन रकमा वेगळ्या समजून घ्याव्यात: एक दंड, दुसरी टोइंगचे शुल्क. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खालील दंड महाराष्ट्रात पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतरच्या वेळी १,५०० रुपये आहे, त्यामुळे आज कंटाळून भरलेले ५०० रुपये पुढच्या वेळच्या तिप्पट रकमेचा पाया ठरू शकतात. तडजोड शुल्क म्हणून दंड भरला की प्रकरण मिटले असे धरले जाते आणि त्यावर हरकत घेणे अवघड होते. म्हणून फक्त टोइंगचे शुल्क भरून गाडी सोडवता येईल का आणि दंड ई-चलनावर प्रलंबित ठेवता येईल का, हे आधी शांतपणे विचारावे. तसे शक्य नसेल आणि गाडीची निकड असेल, तर दोन्ही भरावेत, पण आपल्याजवळच्या आणि त्यांच्याकडच्या प्रतीवर ‘हरकतीचा हक्क राखून रक्कम भरली’ असे लिहून सही करावी. पावतीविना एक रुपयाही देऊ नये.

हरकत दोन ठिकाणी नोंदवावी. ई-चलनाविरुद्धची तक्रार महाट्रॅफिकच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या, संकेतस्थळावर किंवा ॲपवर करता येते. तेथे चलन क्रमांक टाकल्यावर पोलिसांनी काढलेले छायाचित्रही दिसते, आणि ते बारकाईने पाहावे. त्या छायाचित्रात फलक दिसतच नसेल, तर तो तुमचा मुद्दा होतो. फक्त मागचा नंबर दिसत असेल, तर गाडी कोठे होती हे त्यांनाही त्या छायाचित्रावरून सांगता येणार नाही. दुसरा, लेखी अर्ज संबंधित वाहतूक विभागाच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे द्यावा आणि त्याची प्रत पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या येरवड्यातील कार्यालयात द्यावी. दोन्हीकडे आवक क्रमांकासह पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला होता हे नंतर सिद्ध करता येत नाही.

अर्ज एका पानाचा असावा. चौकीतील वागणूक, ठेकेदारांचे साटेलोटे, शहराची एकूण वाहतूक हे विषय त्यात आणू नयेत. ते खरे असले तरी वाचणाऱ्याला मूळ मुद्दा सोडून उत्तर देण्याची सोय होते. मजकूर साधारण असा चालेल: ‘माझे वाहन क्रमांक अमुक हे दिनांक १ रोजी सकाळी अमुक वाजता अमुक गल्लीतून उचलण्यात आले. सदर बाजूस विषम तारखांना पार्किंगची अनुमती असल्याचा फलक असून त्याची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दिनांक १ ही विषम तारीख असल्याने कलम १२७ मधील मनाईची अट पूर्ण होत नाही. सबब चलन क्रमांक अमुक रद्द करून हरकत राखून भरलेले टोइंग शुल्क परत मिळावे, ही विनंती.’ तुमचा मुद्दा वेगळा असेल तर मधली दोन वाक्ये बदलावीत, बाकी रचना तशीच ठेवावी.

त्या जागेसाठी आदेश होता की नाही हे कळत नसेल, तर माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस. मागावयाची कागदपत्रे नेमकी असावीत: त्या रस्त्याच्या त्या टप्प्यावरील पार्किंग मनाईच्या किंवा सम-विषम पार्किंगच्या आदेशाची प्रत, आणि त्या दिवशी त्या टोइंग व्हॅनवर नेमलेल्या पोलीस कर्मचाऱ्याच्या कर्तव्यनोंदीची प्रत. ‘का’ हा प्रश्न माहितीच्या अर्जात विचारू नये. त्याला कार्यालयाकडे कागद नसतो. मुदतीत उत्तर न आल्यास २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून प्रथम अपील करता येते.

तक्रार फेटाळली गेली आणि दंड भरलेला नसेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बाजू मांडता येते. छायाचित्रे व चित्रण पुरावा म्हणून द्यायचे असल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, नोंद कोणत्या उपकरणातून आली हे सांगणारे प्रमाणपत्र सोबत लागते, म्हणून मूळ फोन विकून टाकू नये. लोकअदालतीत ई-चलने तडजोडीने निकाली निघतात. दंड मान्य असून रक्कम कमी व्हावी अशी अपेक्षा असेल तर ती वाट सोयीची आहे. गुन्हाच घडला नाही असे म्हणणाऱ्याने मात्र ती धरू नये.

सोसायटीच्या आवारातील गाडीचा प्रश्न निराळा आहे. जनतेला जेथे जाण्याचा हक्क नाही अशी बंदिस्त जागा कलम १२७ च्या अर्थाने सार्वजनिक जागा ठरत नाही, आणि या कलमाचा अधिकार सोसायटीच्या समितीला मिळत नाही. समितीने परस्पर व्हॅन बोलावून गाडी हलवली किंवा जॅमर लावला असेल, तर उपविधी आणि सर्वसाधारण सभेचा ठराव लेखी मागवावा. सभासद म्हणून वाद सहकारी न्यायालयात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली नेता येतो.

फलकच चुकीच्या जागी असेल किंवा दिसत नसेल, तर दंड रद्द झाल्यानंतरही तो दुरुस्त करण्यासाठी उपायुक्तांकडे वेगळा अर्ज द्यावा, नाही तर पुढच्या महिन्यात त्याच जागी शेजाऱ्याची गाडी उचलली जाईल. फलकाआड आलेली फांदी छाटून घेण्याचा अर्ज मात्र वाहतूक शाखा स्वीकारत नाही. तो महापालिकेच्या उद्यान विभागाकडे द्यावा लागतो.