सेन्सर नोडची बॅटरी आठवडाभरात संपत असल्यास

सीसी२४२० ही रेडिओ चिप असलेला नोड (मोजमाप घेऊन ते बिनतारी पाठवणारे छोटे उपकरण) दर पाच मिनिटांनी एकच नोंद पाठवत असूनही दोन एए सेल आठवडाभरही टिकत नव्हते. प्रेषणशक्ती कमी केली, पॅकेट (एका वेळी पाठवला जाणारा संदेश) लहान केले, फरक शून्य. हे फार वैतागवाणे होते.

शेवटी दोन नोंदींच्या मधल्या काळातील प्रवाह मोजला, तेव्हा तो १९ मिलीॲम्पिअरच्या आसपास आढळला. प्रोसेसर झोपत होता, पण रेडिओ ऐकतच होता. आणि या चिपला पूर्ण शक्तीने पाठवायला १७.४, तर नुसते ऐकायला १८.८ मिलीॲम्पिअर लागतात, ही बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही.

उपाय याच क्रमाने करावा. पॅकेट गेल्यावर पोचपावतीसाठी काही मिलिसेकंदच थांबावे, मग रेडिओचा रिसीव्हर (ऐकणारा भाग) बंद करावा, त्यानंतर त्याचा ऑसिलेटर (चिपला ताल देणारा भाग), त्यानंतर व्होल्टेज रेग्युलेटर (तिला स्थिर व्होल्टेज पुरवणारा भाग), आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर झोपवावा. जागे होताना रेग्युलेटर आधी सुरू करून चिप रीसेट करावी, ऑसिलेटर स्थिर होईपर्यंत थांबावे आणि रेजिस्टर (चिपची सेटिंग्ज साठवणाऱ्या जागा) पुन्हा लिहावेत, कारण रेग्युलेटर बंद होताच त्यांतील मूल्ये पुसली जातात. मधल्या काळात रेडिओ बंद असल्याने नोडसाठीच्या आज्ञा मात्र बेस स्टेशनने (नोंदी गोळा करणाऱ्या केंद्राने) साठवून ठेवून नोंद आल्यावरच पाठवाव्या लागतात. त्यासाठी पोचपावतीनंतर ऐकत राहण्याचा वेळ किंचित वाढवावा.