क्रीडा संकेतस्थळाचे संपादकीय स्वातंत्र्य कागदावर कसे आणावे, आणि बाहेर पडण्याची वेळ आल्यास कोणती तयारी असावी

अमेरिकेतील ‘डेडस्पिन’ या क्रीडा संकेतस्थळाचा संपूर्ण संपादकीय विभाग २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस काही दिवसांत राजीनामे देऊन बाहेर पडला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ग्रेट हिल पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने हे संकेतस्थळ इतर भावंड-संकेतस्थळांसह विकत घेतले होते आणि जी/ओ मीडिया ही नवी कंपनी स्थापन केली होती. ऑगस्टमध्ये मुख्य संपादक मेगन ग्रीनवेल यांनी पद सोडले. २८ ऑक्टोबरला व्यवस्थापनाने ‘केवळ खेळाविषयी आणि खेळाशी संबंध असलेल्या गोष्टींविषयीच लिहावे’ असा लेखी आदेश काढला, २९ ऑक्टोबरला हंगामी संपादक बॅरी पेचेस्की यांना कामावरून काढले, आणि त्यानंतर सुमारे वीस जणांनी एकामागून एक राजीनामे दिले. या घटनेकडे शौर्यगाथा म्हणून पाहण्यापेक्षा तिचा उपयोग आपल्या कामाच्या जागी कसा करता येईल, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुढील मांडणी क्रीडा संकेतस्थळांत नोकरी करणाऱ्या संपादक, उपसंपादक आणि बातमीदारांसाठी आहे.

पहिले काम भांडण होण्याच्या आधीचे आहे. संपादकीय स्वातंत्र्य हा शब्द नेमणूकपत्रात किंवा संस्थेच्या धोरणात नुसता असून चालत नाही, कारण वाद कधीही ‘स्वातंत्र्य असावे की नसावे’ असा उभा राहत नाही. तो एखाद्या विशिष्ट मजकुराचा विषय कोण ठरवणार आणि तो मजकूर कोण काढून टाकू शकणार, या दोन ठिकाणी पेटतो. म्हणून या दोन्ही गोष्टी स्वतंत्र कलमांत लिहून घ्याव्यात.

विषयाचे कलम साधे ठेवावे: ‘कोणता विषय क्रीडेशी संबंधित आहे, याचा निर्णय संपादकाचा राहील.’ डेडस्पिनमध्ये नेमके हेच वाक्य कळीचे ठरले असते. तेथील आदेश वरवर निरुपद्रवी वाटतो, कारण क्रीडा संकेतस्थळाने खेळाविषयी लिहावे यात वावगे काय, असे कोणीही म्हणेल. परंतु स्टेडियमसाठी वापरलेला सार्वजनिक पैसा, खेळाडूंचे करार, प्रशिक्षकांवरील तक्रारी आणि संघमालकांचे राजकीय संबंध हे सर्व खेळात येते की खेळाबाहेर, हे ठरवणारा माणूस व्यवस्थापनातला असेल तर गैरसोयीचा प्रत्येक लेख ‘खेळाबाहेरचा’ ठरवता येतो. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर, भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध नामवंत पहिलवान जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर बसले, तेव्हा ती क्रीडाबातमी होती की राजकीय? माझ्या मते ती त्या वर्षातील सर्वांत मोठ्या क्रीडाबातम्यांपैकी एक होती, आणि ती तशी हाताळण्याचा अधिकार क्रीडा संपादकाकडेच असायला हवा.

मजकूर काढून टाकण्याचे कलम यापेक्षा अवघड आहे, आणि येथे थोडे थांबून विचार करावा. डेडस्पिन पूर्वी ज्या गॉकर या संकेतस्थळ-समूहाचे होते, तेथे जुलै २०१५ मध्ये व्यवस्थापनातील भागीदारांनी मतदान करून एक प्रसिद्ध झालेला लेख काढला, आणि त्याच्या निषेधार्थ दोन वरिष्ठ संपादकांनी राजीनामे दिले. पुढे कर्मचारी संघटनेच्या करारात असे ठरले की, प्रसिद्ध झालेला मजकूर कार्यकारी संपादक, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि कायदा सल्लागार या तिघांच्या बहुमतानेच काढता येईल. हे संरक्षण कागदावर भक्कम दिसत होते. सप्टेंबर २०१६ मध्ये समूहाची संकेतस्थळे नुकतीच विकत घेतलेल्या युनिव्हिजन या माध्यम कंपनीने न्यायालयीन दाव्यांत अडकलेले सहा लेख याच कलमाच्या आधारे काढले. मते दोन विरुद्ध एक अशी पडली आणि विरोधाचे एकटे मत संपादकाचे होते. म्हणजे कलम मोडले गेले नाही, कलम पाळूनच लेख गेले. म्हणून असे कलम लिहिताना मतांची मोजणी आधी करून पाहावी: तिघांपैकी दोघांचा पगार आणि पद मालकाच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर संपादकाच्या संमतीशिवाय मजकूर निघणार नाही, असे स्पष्ट लिहून घ्यावे, आणि न्यायालयाचा आदेश एवढाच अपवाद ठेवावा. मजकूर काढला गेल्यास त्या जागी कारणासह निवेदन राहील, हेही त्यातच यावे.

जाहिरातींबाबत वेगळा नियम हवा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये डेडस्पिनच्या वाचकांना आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती-जाहिरातींचा त्रास होत होता. संपादकीय विभागाने वाचकांना तक्रार कोठे करावी हे सांगणारा मजकूर प्रसिद्ध केला आणि व्यवस्थापनाने तो काढून टाकला. विषयाच्या आदेशाइतकाच हाही प्रसंग वाद चिघळण्यास कारणीभूत ठरला. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, जाहिरात कोठे दिसेल हे व्यवस्थापन ठरवू शकते, पण ती वाचनात अडथळा आणत असेल तर त्याविषयी वाचकांशी बोलण्याचा हक्क संपादकाकडे असावा, आणि तोही लेखी.

उत्पन्न कोठून येते, याची माहिती संपादकीय विभागाला दर तिमाहीला मिळावी, असा आग्रह धरावा. क्रीडा माध्यमांत हे विशेष निकडीचे आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणारी मुंबईस्थित ड्रीम११ ही कंपनी भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीची प्रायोजक होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि ते प्रायोजकत्व संपले. ज्या संकेतस्थळाचे उत्पन्न अशा एकाच प्रकारच्या जाहिरातदारावर उभे असेल, तेथील संपादकाला त्या व्यवसायाविषयी मोकळेपणाने लिहिता येईल का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायलाच हवा.

आता बाहेर पडण्याविषयी. संप आणि सामूहिक राजीनामा या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रागाच्या भरात त्यांची गल्लत होते. संपामागे परत येण्याचा हेतू असतो. जी/ओ मीडियाच्याच गिझमोडो, जेझबेल, कोटाकू अशा संकेतस्थळांच्या कर्मचाऱ्यांनी १ मार्च २०२२ रोजी, आधीचा करार संपताच, संप सुरू केला. आठवडाभरात नवा करार ठरला आणि लोक कामावर परतले. तेथे मागण्या वेतन आणि सोयीसुविधांच्या होत्या, ज्यांवर आकडे पुढेमागे करून तडजोड होऊ शकते. डेडस्पिनमध्ये वाद संपादकाच्या अधिकाराचा होता आणि संपादकालाच काढले गेले होते, त्यामुळे परतण्यासारखे काही उरले नव्हते. आपला वाद यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे सर्वांनी एकत्र बसून ठरवल्याशिवाय कोणतेही पाऊल उचलू नये.

भारतात काम करणाऱ्यांनी कायद्याची बाजू आधी पाहावी. औद्योगिक संबंध संहिता २०२० आता लागू झाली असून तिच्यानुसार संपापूर्वी १४ दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही संपच मानली जाते. ‘सगळे मिळून एक दिवस रजा टाकू’ ही नेहमीची युक्ती त्यामुळे धोक्याची आहे. आपल्या संस्थेला आणि आपल्या पदाला ही तरतूद कशी लागू होते, ते कामगार कायद्याच्या वकिलाकडून समजून घ्यावे; त्याची फी सर्वांनी वाटून घेतली तर फार पडत नाही. सामूहिक राजीनाम्यात प्रत्येकाने स्वतंत्र पत्र द्यावे, नोटीस कालावधीची अट वाचावी, आणि भविष्य निर्वाह निधी, उरलेल्या रजा व थकीत मानधन यांचा हिशेब पत्रातच मागावा.

लेखांच्या हक्काकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे वृत्तपत्र, मासिक किंवा तत्सम नियतकालिकाच्या नोकरीत लिहिलेला मजकूर वृत्तपत्र, मासिक किंवा तत्सम नियतकालिकांत प्रसिद्ध करण्यापुरता हक्क मालकाचा असतो आणि इतर बाबतीत तो लेखकाचा राहतो, परंतु करारात वेगळे लिहिलेले असेल तर करार चालतो. नेमणूकपत्रातील ते वाक्य शोधून वाचावे. स्वतःच्या प्रसिद्ध लेखांच्या प्रती नोकरीत असतानाच जपून ठेवाव्यात, कारण मालक बदलला की जुने लेख नाहीसे होणे ही सामान्य गोष्ट आहे. मात्र अप्रकाशित बातम्या, वाचकांचे ईमेल पत्ते किंवा संस्थेचे पासवर्ड सोबत नेऊ नयेत. त्याने स्वच्छ भूमिकाही खटल्यात अडकते. सूत्रांची नावे तर संस्थेच्या संगणकावर मुळात असूच नयेत. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, असे कलम करारात असले तरी घाबरून जाऊ नये, कारण भारतीय करार कायदा १८७२ चे कलम २७ व्यवसायाला आडकाठी करणारे करार निरर्थक ठरवते.

पैशाची तयारी सर्वांची सारखी नसते, आणि याविषयी उघड बोलण्याचा संकोच सोडावा. घराचा हप्ता असलेला उपसंपादक आणि एकटा राहणारा तरुण बातमीदार एकाच दिवशी राजीनामा देतात तेव्हा किंमत सारखी मोजत नाहीत. जमेल त्यांनी एक सामाईक निधी आधीच उभा करावा, आणि ज्याला थांबावे लागेल त्याला गद्दार ठरवू नये.

राजीनाम्यानंतर डेडस्पिन काही महिने ठप्प राहिले, नंतर नव्या लोकांसह चालले, आणि मार्च २०२४ मध्ये माल्टातील लाइनअप पब्लिशिंग या कंपनीला विकले गेले, तेव्हा त्या वेळच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणालाही पुढे ठेवले गेले नाही. बाहेर पडल्याने जुने संकेतस्थळ वाचत नाही, हे आधीच मान्य करून चालावे. बाहेर पडलेल्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये ‘डिफेक्टर’ सुरू केले. त्याची मालकी कर्मचाऱ्यांकडे आहे, सुरुवातीला प्रत्येकाचा वाटा सुमारे पाच टक्के होता, आणि उत्पन्नाचा फार मोठा भाग वाचकांच्या वर्गणीतून येतो. पहिल्या वर्षी ते ३० लाख डॉलरच्या पुढे गेले. मधल्या सुमारे दहा महिन्यांत या मंडळींचे वाचक विखुरले नाहीत, याचे कारण लेखकांची नावे वाचकांना ठाऊक होती. म्हणून नोकरीत असतानाच प्रत्येक लेखावर नाव जाईल, हे पाहावे.

मराठीत असा प्रयोग करणाऱ्यांनी वर्गणीचा दर ठरवण्यापूर्वी वर्षाचा खर्च मांडावा, त्याला वर्गणीच्या रकमेने भागून किती वर्गणीदार लागतील ते काढावे, आणि ती संख्या अवास्तव वाटली तर माणसे कमी करून सुरुवात करावी. मालकीचे वाटे, नवा सहकारी आल्यास त्याला मिळणारा वाटा, सोडून जाणाऱ्याचा वाटा कोणाकडे जाईल आणि संपादक कसा बदलता येईल, हे चार मुद्दे पहिला लेख प्रसिद्ध होण्याआधी नोंदणीकृत करारात यावेत. डिफेक्टर दरवर्षी आपल्या जमाखर्चाचा अहवाल वाचकांसमोर ठेवते. तसाच अहवाल पहिल्याच वर्षी, तोटा झाला असला तरी, प्रसिद्ध करावा.