सोलापुरात राहून फिगर स्केटर घडवायचा असेल तर

सोलापुरात बर्फ नाही आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तरीही फिगर स्केटरच्या, म्हणजे ब्लेडच्या बुटांवर बर्फावर उड्या-गिरक्या सादर करणाऱ्याच्या, अंगात जे मुरावं लागतं, त्यातला मोठा भाग चाकांवर आणि जमिनीवर शिकता येतो. मात्र क्रम चुकला, तर पुढे बर्फावरचे महागाचे तास जुन्या सवयी मोडण्यातच जातात.

पाच ते सात वर्षांचं मूल क्वाडवर, म्हणजे दोन-दोन चाकांच्या स्केटवर सुरुवात करू शकतं. रेसिंगच्या इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या, स्केटवर घालू नका. तिथे कंबरेत वाकून पळायची सवय लागते, इथे पाठ सरळ आणि गुडघा मऊ लागतो.

बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारा, कडक आणि टाचेचा हवा. वाढत्या अंगाचा बूट अजिबात घेऊ नका. माप संध्याकाळी, पातळ मोजा घालून, उभं राहून घ्या. उभं असताना बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघा वाकवला की सुटावीत. आत टाच उचलली जात असेल, तर घोटा आतल्या बाजूला पडतो आणि मूल बाहेरच्या कडेवर, म्हणजे आउटसाइड एजवर, कधीच येत नाही. पालक याला 'पाय कच्चे आहेत' म्हणतात. बहुतेक वेळा दोष बुटाचा असतो. नाडी बोटांवर सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट आणि सगळ्यात वरच्या हुकांवर थोडी ढिली बांधा.

क्वाडच्या ट्रकमधले, म्हणजे चाकांचा दांडा बुटाच्या तळाला जोडणाऱ्या भागातले, रबरी कुशन वीस-पंचवीस किलोच्या मुलासाठी बहुधा फार घट्ट येतात. मूल झुकतं, पण स्केट वळत नाही. ट्रकचा नट एका वेळी अर्धाच फेरा सैल करून बघा. खरखरीत सिमेंटवर थोडी मऊ चाकं चालतात, गुळगुळीत लाकडी फरशीवर कडक. आठ चाकांत सोळा बेअरिंग असतात आणि सोलापूरची धूळ त्यांना लवकर बसते. चाक हाताने फिरवल्यावर करकरलं, की उघडून साफ करा. पाणी लावू नका.

आता वर्तुळं. तीन मीटर दोरी आणि खडू घ्या. एकमेकांना टेकणारी, सहा मीटर व्यासाची दोन वर्तुळं काढा, इंग्रजी आठासारखी. एका पायावर एक वर्तुळ, मग दुसऱ्या पायावर दुसरं. आधी पुढे जात बाहेरची एज, मग आतली, नंतर हेच मागे जात. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ही सक्तीची वर्तुळं 1990 मध्ये गेली. सरावातून ती जाऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. रोज वीस मिनिटं द्याच. रेघ सोडून मूल आत वळत गेलं, तर खांदे घाईने फिरतायत. बाहेर सरकलं, तर ते घोट्यातून न झुकता कंबरेतून वाकतंय. खांदा आणि मोकळ्या पायाची बाजू ताब्यात आल्याशिवाय थ्री-टर्न, म्हणजे एकाच पायावर पुढून मागे तोंड फिरवणारं वळण, घेऊ नका.

उड्या बुटांशिवाय, जमिनीवर सुरू होतात. क्रम असा: वॉल्ट्झ जंप (अर्ध्या फेऱ्याची सोपी सरावाची उडी), मग स्पर्धेतल्या सहा उड्या: साल्काव, टो लूप, लूप, फ्लिप, लुट्झ आणि शेवटी ॲक्सल. स्पर्धेत मोजल्या जाणाऱ्या सहा उड्यांत ॲक्सल एकटीच पुढे तोंड करून घेतात, म्हणून 'सिंगल' ॲक्सलमध्येही दीड फेरा असतो. डावीकडे फिरणाऱ्या मुलाने उजव्या पायावर उभं राहायचं, डावा पाय त्यावर आडवा, हात छातीशी. हवेतली हीच बैठक. ती स्थिर उभं राहून जमली, की मगच त्यात उडी मारायची.

जागा नीट निवडा. काँक्रीट नडगीला मार देतं. तालमीची माती मऊ असते, पण तिथे पाऊल रुततं, अंग फिरतं आणि गुडघा पिळतो. लाकडी फरशी सगळ्यात बरी. एका सत्रात तीस-चाळीस उड्या पुरेत. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे जमीन सोडण्याआधीच फिरून घेणं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये मागून चित्रण केलं, की ती दिसते. बर्फावरच्या स्पर्धेत पाव फेऱ्यापेक्षा जास्त कमी पडलं तर उडीची किंमत घटते. अर्धा फेरा किंवा जास्त कमी पडला, तर ती कमी फेऱ्यांचीच धरतात. लुट्झ बाहेरच्या एजवरून सुटली पाहिजे. शेवटच्या क्षणी पाय आत कलला, तर पंच चुकीच्या एजची खूण करतात.

मागे जातानाच्या एज आणि साल्कावपर्यंतच्या उड्या स्वच्छ झाल्या, की बर्फाकडे वळा. देहरादूनचं हिमाद्री रिंक, म्हणजे स्केटिंगचं बर्फाचं मैदान, 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं गेलं. गुरुग्रामला मॉलमधलं रिंक आहे. शिमल्याचं जुनं रिंक नैसर्गिक थंडीवर चालतं, म्हणून फक्त हिवाळ्यात. कर्नाटक एक्सप्रेस सोलापूरहून थेट नवी दिल्लीला जाते. रिंक सुरू आहे का आणि कोणते तास मिळतील, हे विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकते. वाढत्या वयात, विशेषतः मुलींचं, वजन कमी करायला लावून उडी उंच होत नाही. हाडं मात्र कमकुवत होतात.

पहिले तीन दिवस एकही उडी नको. चाकांवरून आलेलं मूल पंजाने ढकलतं आणि ब्लेडच्या पुढच्या दातांवर अडखळतं. ढकलायचं ब्लेडच्या कडेने असतं. थांबणं पूर्ण नव्याने शिकावं लागतं. गिरकीचा तोल दातांच्या लगेच मागे, पंजाखाली येतो. ब्लेडला धार वीसेक तासांनी लागते, पण सुरीला धार लावणाऱ्याकडे देऊ नका. ब्लेडच्या मधोमध लांबीभर खोलगट पन्हळ असते. ती सपाट झाली की एजच राहत नाही.

वयाचा हिशेब दहाव्या वर्षीच मांडा. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर एकेरीसाठी हंगामाआधीच्या 1 जुलैपूर्वी 13 पूर्ण हवीत आणि 19 पूर्ण झालेली नसावीत. सीनियरसाठी 2024-25 पासून 17 लागतात. स्पर्धेत दोन सादरीकरणं असतात: सीनियरचा शॉर्ट प्रोग्राम 2 मिनिटं 40 सेकंदांचा, फ्री स्केटिंग 4 मिनिटांचं. दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. त्यामुळे दमसास आत्तापासून वाढवा.

बर्फावरून उतरल्यावर ब्लेड आणि स्क्रू सोलापुरी टॉवेलने कोरडे पुसा. प्लास्टिकचे गार्ड फक्त चालताना घाला. तेच ठेवून बॅग बंद केली, तर आत पाणी राहतं आणि गाडी सोलापूरला पोचेपर्यंत ब्लेडवर गंज दिसू लागतो.