धुळे-नंदुरबारच्या डाईकवरून जुना दाब कसा ओळखायचा

साक्री-नंदुरबारकडे एसटीने गेलात तर शेतांमधून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात, त्या कोणी बांधलेल्या नाहीत, ते डाईक. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली, फटीत मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, शिरून तिथेच थिजला, पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि भिंत उरली. फट उघडते ती जमिनीतल्या खडकावर जिकडून दाब सगळ्यात कमी तिकडे, म्हणून डाईकच्या लांबीशी काटकोन केला की कमीत कमी दाबाची दिशा मिळते.

आधी खरी कड शोधा. वरचे गोल गोटे बघून माप घेऊ नका, ते घरंगळलेले असतात. कडेचा दगड लवकर गार झालेला म्हणून एकदम बारीक, आत जाल तसे दाणे भिंगातून दिसायला लागतात, खाणीची ताजी कापलेली बाजू मिळाली तर सोनंच. कड दिसतच नसेल तर थंड होताना तडे जाऊन दगडाचे झालेले आडवे खांब बघा, सरपणाची मोळी रचल्यासारखे, ते कडेशी काटकोनात असतात.

कंपास दगडावर टेकवू नका!! यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, सुई भरकटते. चार पावलं लांब उभं राहून डाईकच्या रेषेत बघून रीडिंग घ्या, एका जागी पाच तरी, आणि उतारही मोजा कारण डाईक कललेला असेल तर काटकोनाचा हिशोब बदलतो.

आता जे बरेच जण सोडून देतात ते. दोन्ही कडांचे खाचखळगे फाटलेल्या कागदासारखे जुळतात का बघा, जुळणारे दोन कोपरे जोडले की फट कुठल्या दिशेने उघडली ते कळतं. ती रेष कडेशी काटकोनात न येता तिरकी आली तर मॅग्मा बहुतेक जुन्याच भेगेतून घुसलाय, तो डाईक वेगळा ठेवा.

मग सगळ्या दिशांचा रोझ डायग्रॅम काढा, म्हणजे कुठल्या दिशेचे डाईक किती ते दाखवणारा गोल आलेख. इथले बहुतेक डाईक पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य जातात, म्हणजे जमीन साधारण उत्तर-दक्षिण ताणली जात होती. कोकण किनाऱ्यावरचे बरेचसे उत्तर-दक्षिण आहेत, ते यात मिसळू नका प्लीज, तिथला ताण वेगळा.

दाब किती होता हे यातून कळत नाही, फक्त दिशा, आणि तीही आजच्या नकाशावरची, कारण भारत तेव्हापासून उत्तरेला सरकत घड्याळाच्या उलट वळलाय, तेवढं वळण खडकातल्या जुन्या चुंबकत्वावरून काढून वजा करावं लागतं.